‘प्युअर गावरान’ पिल्लू: खोक्यात नेमकं काय येतं?

मराठवाड्यात गावरान पिल्लू तीन वाटांनी विकलं जातं. आठवडी बाजारात डालग्यात नाहीतर जाळीत, मोटारसायकलला जाळ्या बांधून गावोगाव फिरणाऱ्यांकडे, आणि फोनवर ऑर्डर दिली की शंभराच्या खोक्यात. तिन्हीकडे पाटी एकच: ‘प्युअर गावरान, शंभर टक्के गॅरंटी’. इथं परीक्षण त्या मालाचं आहे. कुठल्या एका दुकानाचं किंवा हॅचरीचं नाही, कारण पाटी सगळ्यांची सारखीच आहे आणि घोळही सारखाच.

निकाल आधीच सांगून टाकतो. खोक्यातला माल बहुतेक वेळा वाईट नसतो, फक्त तो गावरान नसतो. अंड्यांसाठी किंवा दोन-तीन महिन्यांत कोंबडे विकण्यासाठी घेणार असाल, तर त्यातला बराच माल पैसे वसूल करून देतो. पण आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) दहा कोंबड्या सोडायच्या, त्यांनीच खुडूक बसून पिल्लं काढायची, घारीपासून सांभाळायची आणि पुढची पाच-सात वर्षं विकत आणायची गरज पडू नये, असा हिशोब असेल तर त्या खोक्यावर घातलेले पैसे गेले म्हणून समजा.

गोंधळ मुळातच आहे. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद तिथं होते. त्या नोंदीत आपल्या भागाची देवणी आहे, लाल कंधारी आहे, उस्मानाबादी शेळी आहे. कोंबडीत महाराष्ट्राच्या वाट्याला बसरा येते, तीही नंदुरबार-नवापूर पट्ट्याची आणि लगतच्या गुजरातची. मराठवाड्याची म्हणून नोंदलेली कोंबडी नाही. तेव्हा ‘प्युअर’ म्हणणाऱ्याला कोणत्या नमुन्याशी ताडून प्युअर, एवढं विचारून बघा. उत्तर येत नाही.

आणि येणारही नाही, कारण ही कोंबडी मिसळीतूनच घडली आहे. २०२० मध्ये ८६३ पाळीव आणि रानकोंबड्यांच्या जनुकसंचांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल रानकोंबड्याच्या पाच उपजाती आहेत. त्यांतल्या ‘स्पॅडिसियस’ नावाच्या उपजातीपासून पाळीव कोंबडी निघाली असं त्यात दिसलं. ही उपजात म्यानमार, उत्तर थायलंड आणि चीनच्या नैऋत्य कोपऱ्यातली. माणसांबरोबर कोंबडी पुढं सरकत गेली आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्या रानकोंबड्यांशी तिचा संकर होत गेला. भारतात ‘मुर्घी’ ही उपजात होती, तिचा अंश मिसळला. पुढं दक्षिण आशियातच एक गंमत झाली, ती पायांच्या रंगाशी येईल तेव्हा सांगतो. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानची. २०२२ मध्ये ही तारीख पुढं आली तेव्हा अभ्यासकांनी तिचा संबंध भाताच्या शेतीशी जोडला. दाणा जिथं सांडतो तिथं रानपाखरू येतं आणि माणसाला सोकावतं. खळ्यावर आजही तेच चालतं.

म्हणून गावरानचा कस एकसारखेपणात शोधायचा नसतो. खरा गावरान घोळका म्हणजे चार रंगांची पिसं, दोन-तीन तऱ्हेचे तुरे, पिवळे, पांढरे, करडे पाय आणि एका वयात लहानमोठी अंगं. शंभर पिल्लं एका साच्यातून काढल्यासारखी दिसली की तिथंच गाडी अडवावी.

काटा आधी, डोळे नंतर

एक दिवसाच्या पिल्लांची सगळ्यात स्वस्त तपासणी वजनाची. पिल्लू अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश निघतं. गावरान कोंबडीचं अंडं ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पिल्लू २६ ते २८ ग्रॅम. सुधारित कोंबडीचं अंडं ५२ ते ५८ ग्रॅम, म्हणजे पिल्लू ३५ ते ३९. किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. रिकामा पुठ्ठ्याचा डबा ठेवून काटा शून्य करा आणि दहा पिल्लं एकदम सोडा. २६०-२९० ग्रॅम भरलं तर पुढं बोलायला हरकत नाही. ३५० च्या वर गेलं तर पाटी खोटी आहे, वाद घालत बसू नका.

यात एक मेख आहे. नुकत्याच अंड्यावर आलेल्या सुधारित तलंगांची अंडी लहान असतात, त्यांची पिल्लंही हलकी निघतात. शिवाय दोन दिवस प्रवासात गेलेलं पिल्लू पाणी कमी होऊन आणखी हलकं होतं. त्यामुळे काटा माल नापास करू शकतो, पास करू शकत नाही. महिन्याच्या पिल्लात ही पळवाट राहत नाही: गावरान दीडशे-दोनशे ग्रॅमचं आणि त्यातही वेगवेगळ्या मापाचं, तर हॅचरीचं सुधारित पिल्लू खाद्यावर तीनशेच्या पुढं आणि सगळी एका उंचीची.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. गिऱ्हाइकाला रंगीबेरंगी हवं असतं हे हॅचरीवाल्यांना कधीच कळलंय, म्हणून सुधारित जातीही रंगीतच काढल्या जातात. पिसांचे रंग वेगळे, पण तुरा सगळ्यांचा एकेरी, अंग एका घडणीचं, पायांचा रंग एकच. हे लक्षण पक्कं धरा.

आता पायांचं. ‘पिवळे पाय म्हणजे गावरान’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. २००८ मध्ये असं दाखवलं गेलं की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलंच नाही, ते राखी रानकोंबड्याकडून आलं. हा पक्षी आपल्याच सह्याद्रीतला आणि दक्षिणेतला. दक्षिण आशियात कुठंतरी पाळीव कोंबडीचा त्याच्याशी संकर झाला आणि पिवळा पाय जगभर पसरला. गंमत अशी की आज तो पाय गावरानमध्ये आहे, तसाच लेगहॉर्न आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) या विदेशी जातींमध्ये आणि ब्रॉयलरमध्येही आहे. ओळख म्हणून त्याचा उपयोग शून्य. उलट एकाच घोळक्यात पिवळे, पांढरे, पाटीसारखे करडे आणि मधूनच हिरवट पाय दिसले तर ते चांगलं लक्षण. हिरवट म्हणजे वर पिवळी कातडी आणि खाली काळा रंग, दोन वेगळी जनुकं एकावर एक.

अंड्यातल्या बलकाचंही तसंच. गर्द केशरी बलक हा मक्याचा, घोळ-तांदुळज्यासारख्या हिरव्या पाल्याचा आणि मोकळ्या चरण्याचा परिणाम. तोच पाला सुधारित कोंबडीला घाला, तिचाही बलक तसाच येईल.

सगळ्यांत खालच्या दर्जाचा माल म्हणजे मोटारसायकलवरची गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं. अंड्यांच्या कंपनीच्या जातींत नर पिल्लू कंपनीच्या कामाचं नसतं. पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे होतात आणि नर कवडीमोलानं बाहेर पडतात. तेच रंगात बुडवून येतात. पोटाखालची लव फुंकर मारून उलटी करा, मुळाशी पांढरी-पिवळी लव दिसेल. दोन आठवड्यांत नवी पिसं फुटली की रंग आपोआप उतरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींत तर नर-मादी रंगावरूनच ओळखू येतात: सोनेरी रंगाचा कोंबडा आणि चंदेरी रंगाची कोंबडी यांच्या संकरात मुली तपकिरी, मुलगे पांढरट निघतात. तेव्हा ‘गावरान पांढरी पिल्लं’ शंभर घेतली आणि तीन महिन्यांनी शंभरही कोंबडे निघाले, यात नशिबाचा भाग काहीच नाही. अंड्यांच्या जातींचे हे नर चार महिने दाणे खातात तरी अंगाला लागत नाही. पोरांना खेळायलासुद्धा घेऊ नका.

पाटीमागची खरी नावं

खोक्यात बहुधा गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी, सोनाली, आरआयआर किंवा त्यांची आपापसांतली सरमिसळ असते. गिरिराज बंगळुरूची. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. या परसातल्या पाळणीसाठीच काढलेल्या आहेत आणि स्वतःच्या नावानं विकल्या तर त्यांच्यात काही खोट नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. वनराज परसात शंभर-एकशेदहा, गिरिराज एकशेतीस ते दीडशे, ग्रामप्रिया एकशेसाठच्या पुढं जाते. मात्र हे आकडे संध्याकाळच्या मूठभर दाण्यावर येत नाहीत, त्यासाठी रोज पदरचं खाद्य लागतं. घरची अंडी खायची आणि चार विकायची असतील तर ग्रामप्रिया घ्यावी, डोळे झाकून. कोंबडे विकायचे असतील तर गिरिराज किंवा वनराज, दहा-बारा आठवड्यांत अंग धरतात.

दगा दोन ठिकाणी होतो. पहिला, या कोंबड्या खुडूक बसत नाहीत किंवा क्वचित बसतात. खुडूकपणामागं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असतं. खुडूक कोंबडी अंडं देणं थांबवते, म्हणून जास्त अंड्यांसाठी निवड करताना पिढ्यान्‌पिढ्या तोच गुण गाळला गेला. दुसरा, या संकरातून काढलेल्या आहेत. त्यांची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवून पिल्लं काढली तर पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं. एक आईइतकी अंडी देते, दुसरी निम्मी, तिसरी नुसतीच सुटते. दर खेपेला नवीन पिल्लं विकत घ्यायची तयारी असेल तरच हा माल घ्या.

वनराजबद्दल एक सूचना विक्रेता देत नाही. पहिले सहा आठवडे पुरेपूर खाद्य आणि मग मोकळं सोडणं, असा तिचा क्रम आहे. सोडल्यावरही खाद्याची परात भरलेली ठेवली तर चरबी चढते, अंडी घटतात आणि कोंबडी इतकी जड होते की कुत्र्यासमोरून पळता येत नाही.

सोनाली ही बांगलादेशातली जोडी, आरआयआर कोंबडा आणि फयूमी (मूळची इजिप्तची जात) कोंबडी यांची. अंग लहान आणि चपळ, रंग गावरानसारखा. त्यामुळे ढाब्यावर ‘गावरान’ म्हणून ताटात येणाऱ्या कोंबडीत तिचा वाटा मोठा. दोन महिन्यांत सात-आठशे ग्रॅम होते. खायला बरी लागते, फक्त भाव गावरानचा देऊ नका.

असील वेगळी. जड हाड, वाटाण्यासारखा बसका तुरा, अंडी फार कमी, पण खुडूक बसणारी आणि पिल्लांसाठी अंगावर धावून जाणारी. नर लहानपणापासून एकमेकांना फोडतात, दोन कोंबडे एका खुराड्यात ठेवता येत नाहीत. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, झुंजीचं कारण सांगून कुणी जादा भाव मागत असेल तर सरळ चालू लागा.

कडकनाथ: नर तपासा

कडकनाथ झाबुआचा. २०१८ मध्ये त्याला मध्य प्रदेशातलं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर त्याच्या नावावर महाराष्ट्रात जे गुंतवणुकीचे खेळ झाले ते वर्तमानपत्रांत येऊन गेले आहेत, ते उगाळत नाही. पक्षी म्हणून बघायचं तर मध्यम बांधा, वर्षाला साधारण ऐंशी-शंभर अंडी, खुडूक बसण्यात कच्चा. काळी कातडी, काळं मांस आणि काळी हाडं, हे सगळं एका जनुकाच्या भागाची नक्कल वाढल्यामुळे होतं. जनुकाचं नाव ईडीएन३. चिनी सिल्की कोंबडीतही तोच बदल आहे. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. भेसळीला वाट इथंच मिळते.

भेसळ अशी होते: कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची साधी कोंबडी. कातडीतला काळा रंग दाबणारं आणखी एक जनुक असतं आणि ते झेड या लिंग गुणसूत्रावर बसलेलं असतं. कोंबडीत मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड. मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतो, म्हणजे कडकनाथचा, म्हणून ती जिभेपर्यंत काळी निघते. मुलाला एक झेड आईकडूनही येतो, त्यावर रंग दाबणारं जनुक असतं, म्हणून तो फिका पडतो. थोडक्यात, संकरित लॉटमधल्या माद्या बघून भल्याभल्यांना कळत नाही. दोन-अडीच महिन्यांच्या लॉटमधले नर पकडा. तुरा लालसर, जीभ गुलाबी, पायांच्या खवल्यांमध्ये फिकट रेघा आणि शेजारच्या तलंगा मात्र कुळकुळीत काळ्या, असं दिसलं की संकर. ‘नर आधीच विकले, फक्त माद्या शिल्लक आहेत’ असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

मग गावरान आणायची कुठून?

पिल्लू विकत घेऊ नका, अंडी गोळा करा. आसपासच्या तीन-चार गावांतून, प्रत्येक गावात चार-पाच घरांतून, एका घरची तीन-चारच. अशानं पंचेचाळीस-पन्नास अंड्यांत पंधरा-वीस कोंबड्यांचा वंश येतो. एकाच घरची पन्नास अंडी घेतली तर सगळी भावंडं आणायची तयारी ठेवा.

अंड्याआधी त्या घरचा आणि शेजारचा कोंबडा बघा. गल्लीत योजनेतून आलेला एखादा धिप्पाड लाल कोंबडा फिरत असेल तर त्या आळीची अंडी नकोत. ‘तो परवाच कापला’ म्हटलं तरी तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज साठून राहतं आणि दोन-तीन आठवडे अंडी फळवत राहतं. मग मालकिणीला विचारा: मागच्या वर्षी ही कोंबडी कितीदा खुडूक बसली, किती पिल्लं मोठी केली? बसून बारातली आठ-नऊ काढते आणि त्यातली पाच-सहा मोठी करते, अशा कोंबडीचं अंडं दुप्पट भाव देऊनही स्वस्त. सध्याच्या मिसळीत गावरानचा पहिला जाणारा गुण हाच आहे, रंग नव्हे. पिसं गावरान, अंग गावरान आणि खुडूक बसणं विसरलेली, अशा कोंबड्या आता प्रत्येक गावात आहेत.

उघड्या मानेची कोंबडी दिसली तर सोडू नका. ओंगळ दिसते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण आपल्या एप्रिल-मेला तीच टिकते. या जनुकाची एक प्रत असली की पिसं पाव हिश्शानं कमी, दोन असल्या की चाळीस टक्क्यांपर्यंत कमी, आणि अंगातली उष्णता तेवढी मोकळी बाहेर पडते. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका असेल तर एकच प्रत आहे. अशा दोन पक्ष्यांची जोडी लावली तर चारातलं एक पिल्लू पूर्ण पिसांचं निघेल, त्याला भेसळ समजू नका. उलट्या पिसांच्या कोंबडीचं गणित निराळं आहे. तिची जोडी साध्या पिसांच्या कोंबड्याशीच लावायची. उलट्याला उलटा दिला तर काही पिल्लांत दोन प्रती जमतात, त्यांची पिसं ठिसूळ होऊन गळतात आणि ती उघडी पडतात.

अंडं ठेवण्यातच निम्मं नुकसान होतं. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव थोडाथोडा वाढायला लागतो. आपल्याकडं मार्चपासून घरातच ३५ अंश असतात. वाढ धड सुरू होत नाही, धड थांबत नाही, आणि आठ दिवसांनी कोंबडीखाली ठेवलेलं अंडं आतून मेलेलं असतं. दोष मात्र कोंबडीला लागतो. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात तीन-चार दिवस, त्यापुढचं अंडं तव्यावर. मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरा, आत कोरडा तूस किंवा कोरडं धान्य घाला, अंडी टोक खाली करून ठेवा, वर ओलं सुती फडकं. पेन्सिलीनं तारीख आणि घराची खूण लिहा. अंडं धुवायचं नाही, धुतलं की वरचं संरक्षक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात.

एका कोंबडीखाली दहा ते बारा अंडी. जास्त ठेवली की कडेची थंड पडतात आणि ती फिरवताना आतली बाहेर येऊन सगळीच नासतात. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरा: कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत, स्वच्छ दिसलं तर फळलेलं नाही, लाल कडं दिसलं तर मेलेलं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. लहान मशीन वापरणाऱ्यांनी पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश आणि शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५-७० टक्के ठेवावी. आपल्या कोरड्या हवेत पाण्याचा ट्रे सुकला की पिल्लू टरफलाला चिकटून मरतं, चोच मारून भोक पाडलेली पण बाहेर न आलेली अंडी हे त्याचंच लक्षण.

हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणलीच असतील आणि घरी खुडूक कोंबडी असेल, तर तिच्या गळ्यात घालता येतात. ती निदान दहा-बारा दिवस बसलेली हवी. रात्री अंधारात अंडी काढायची आणि पिल्लं हळूच पोटाखाली सरकवायची. तीन-चार दिवसांहून मोठं पिल्लू तिची हाक ओळखत नाही, आणि घार आल्यावर कोंबडीची हाक न ओळखणारं पिल्लू उघड्यावरच थांबतं.

एका कोंबड्यावर कळप चालत नाही

मोकळ्या गावात दहा घरांचे कोंबडे फिरतात, म्हणून वंश सैल राहतो. तार मारून आत एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या ठेवल्या की चित्र बदलतं. प्रजननशास्त्रातलं साधं सूत्र आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. एक आणि नऊला उत्तर येतं ३.६. म्हणजे दहा पक्षी दिसत असले तरी वंशाच्या हिशोबात ते साडेतीनच आहेत, आणि दर पिढीला सुमारे १४ टक्के आप्तसंकर वाढतो. त्याच नऊ कोंबड्यांना वेगवेगळ्या गावचे तीन कोंबडे दिले तर आकडा ९ होतो आणि आप्तसंकर साडेपाच टक्क्यांवर येतो. तीन कोंबडे भांडतात, खरंय. रात्री वेगवेगळ्या खुराड्यांत ठेवा नाहीतर आळीपाळीनं सोडा. आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्या गावच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करा, यात पैसा लागत नाही. अंडी फळतात पण पिल्लं निघत नाहीत, चोच वाकडी, बोटं दुमडलेली, असं दिसायला लागलं तर दोन पिढ्या उशीर झालाय.

‘गावरानला लस लागत नाही’

हे वाक्य पाटीवर नसतं, तोंडी सांगितलं जातं, आणि सगळ्यांत महाग पडतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की लस न दिलेली गावरान हॅचरीच्या कोंबडीइतकीच झपाट्यानं झोपते. वंशातली विविधता किरकोळ रोगांत आणि गोचीड-उवांत थोडी साथ देते, मानमोडीत नाही. क्रम असा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर टू बी, ही मानमोडीचीच जास्त कडक लस, अर्धा मिली कातडीखाली. आर टू बी लहान पिल्लाला देऊ नका, लसच रोग देते. लस पाण्यातून पाजणार असाल तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारतं, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आधी मिसळा.

घरगुती पाळणीत लस राहते ती अडाणीपणामुळे नव्हे. कुपी शंभर मात्रांची असते आणि घरी पिल्लं पंधरा. उघडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात, म्हणजे लसीचा दिवस एकच येतो आणि कुपी वाटून घेता येते. बर्फ घातलेल्या थर्मासशिवाय दुकानातून लस उचलू नका. खिशातून आणलेली कुपी म्हणजे रंगीत पाणी.

कधी घ्यायचं

आखाडात आणि कंदुरीच्या दिवसांत कोंबड्याला मागेल तो भाव मिळतो, श्रावण लागला की बाजार बसतो. गावरान कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे पिल्लं पौष-माघात निघायला हवीत, आणि अंडी टिकायलाही तोच काळ चांगला. गिरिराज किंवा वनराज आखाडाला काढायचे असतील तर पिल्लू एप्रिलमध्ये घ्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच प्रवासात मरतं. अंड्यातून निघाल्यावर दोन दिवस पोटातल्या बलकावर पिल्लू तग धरतं, पण ४१ अंशांत पत्र्याच्या टपावर नाही. एप्रिलची डिलिव्हरी रात्रीची किंवा पहाटेचीच ठरवा. खोका आला की पैसे देण्याआधी उघडा: चोच उघडी ठेवून धापा टाकणारी, बेंबी ओली किंवा काळी असलेली, मागचा भाग चिकटलेली पिल्लं बाजूला काढून मोजा. शंभरात पाचाहून जास्त निघाली तर खोका परत. पहिल्या दिवशी हॅचरीत मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली का, हे बिलावर लिहून घ्या, आणि त्याच बिलावर ‘गावरान’ऐवजी जातीचं नाव लिहायला सांगा.